आधी सरबत

सोड्याचं यंत्र घरी आलं त्या दिवसापासून बायको त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, "आधी पाण्यात गॅस भरा, मग सरबत घाला! उलटं केलंत की फेस उसळतो आणि ओटा पुसायला मी!" पण ऐकेल तर तो कसला.

आज मात्र त्यानं मुद्दाम सरबत आधी ओतलं आणि खटका दाबला. फेस भिंतीवर उडाला, ओट्यावरून तिच्या पायांपर्यंत ओघळला. दोन वर्षांत एकेक माणूस विसरत गेलेली ती खुर्चीतून नुसती बघत राहिली.

"ओरड ना गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "एकदा तरी ओरड."

तिनं पाय बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, तुमची बायको रागावेल का हो?"