उसवलेला खांदा

नरसय्यानं दाढीच्या ब्लेडची एक बाजू कागदात गुंडाळली, शर्ट मांडीवर पसरला आणि खांद्यावरच्या रफूचा पहिला टाका कापला.

राजव्वा स्टोव्हला पंप मारत होती. ती थांबली.

"काय करताय?"

"दिसत नाही?"

"मागच्या आठवड्यात डोळे फोडून शिवलाय मी तो."

"म्हणूनच. एवढा नीट शिवलेला शर्ट घालून गेलो तर गरीब कोण म्हणेल?"

राजव्वानं तेलुगूत एक शिवी पुटपुटली आणि पुन्हा पंप मारायला लागली. नवऱ्याला होती की सभेला, कोण जाणे. नरसय्यानं सगळे टाके कापले, दोरे वेचून काढले आणि खांदा बोटभर उघडा पडेल असा शर्ट अंगात घातला.

कोपरीत खाडीकडच्या वळणावर एक मोकळी जागा होती. ती समाजमंदिरासाठी द्यायची असं ठरलं, आणि ती मागणारे दोन समाज उभे राहिले. एक सिंधी, दुसरे पद्मशाली. नगरसेवक हुशार माणूस. त्यानं दोघांनाही नाही म्हटलं नाही. शाळेच्या वर्गात या, म्हणाला, आपापली परिस्थिती मांडा. ज्याची जास्त वाईट त्याला जागा.

झालं! इतकी वर्षं या दोन्ही समाजांनी एकमेकांना आपला मोठेपणा ऐकवण्यात घालवली होती. फाळणीनंतर नेसत्या कपड्यांनिशी आलो आणि आज बघा, अर्धा बाजार आमचा, हे सिंध्यांचं. आमचे आजे तेलंगणातून गिरणीत आले, मुंबई आम्ही विणली, शिवाय आमची पोरं मराठी शाळेत शिकतात, तुमच्यासारखी दुकानात गल्ल्याच्या पेटीवर बसत नाहीत, हे पद्मशाल्यांचं. आता एका संध्याकाळपुरतं सगळ्यांना गरीब व्हायचं होतं आणि दोन्हीकडे त्याची जय्यत तयारी चालली होती.

नरसय्या पद्मशाल्यांचा अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे सतरंज्या ज्याच्या घरी ठेवतात तो. गिरणी संपात गेली तेव्हापासून तो कोलशेतला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. त्याच्या सरोजाचं लग्न भिवंडीच्या अंजय्याच्या मुलाशी ठरलं होतं. अंजय्याचे स्वतःचे चार माग होते. वैशाखातल्या मुहूर्तापर्यंत हॉल काही उभा राहणार नव्हता, पण जागा मिळाली तर तिथं मांडव तरी घालता आला असता. पोरीला गटाराच्या कडेला बसवून अक्षता टाकायची वेळ आली नसती. नरसय्याला जागा हवी होती ती एवढ्यासाठी, आणि हासानंदला मिळू नये एवढ्यासाठीही.

हासानंद सिंध्यांचा पुढारी. कोपरीतलं कापडाचं मोठं दुकान त्याचं. संपानंतर नरसय्या त्याच्या घरी काम मागायला गेला होता. हासानंदच्या बायकोनं भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. चहाचं कुणी नाव काढलं नाही. दुकानात विणकराला काय काम, असं हासानंद म्हणाला, आणि नरसय्या पापडाला हात न लावता उठून आला. सिंध्यानं मला पापड-पाण्यावर वाटेला लावलं, असं त्यानं वस्तीभर सांगितलं. दारी आलेल्याला आधी पापड-पाणी द्यायचं ही त्या लोकांची मानाची रीत आहे, हे त्याला पुढं कळलंही. पण तोवर त्या रागाची त्याला सवय झाली होती आणि तो सोडायचं काही कारण दिसत नव्हतं.

शाळेच्या वर्गात मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. हासानंद मळका लेंगा घालून आला होता. अंगठ्या काढून ठेवल्या होत्या, पण बोटांवर त्यांचे गोरे वळ तसेच होते. ते बघून नरसय्याला भलतंच बरं वाटलं.

हासानंद आधी बोलला.

"साईं, आम्ही कल्याणच्या कॅम्पात बराकीत राहिलो. एका बराकीत दहा कुटुंबं, मध्ये गोणपाटाचा पडदा. मी लोकलमध्ये गोळ्या विकल्या. आज दुकानं दिसतात, पण सगळा माल उधारीचा आहे. आणि आमच्या पोरांना अजून शाळेत निर्वासित म्हणतात."

"बराकी तरी कुणी दिल्या?" नरसय्या जागेवरूनच ओरडला. "सरकारनं! आम्हाला कुणी दिल्या? तुम्ही रडत आलात म्हणून तुम्हाला मिळालं. आम्ही पायी आलो, गपचूप गिरणीत शिरलो, म्हणून आम्ही कुणीच नाही."

"तुला गाव आहे!" हासानंद उभा राहिला. "जत्रेला जातो, बायकोला घेऊन जातो. माझ्या गावाला जायला पासपोर्ट लागतो."

"गाव घेऊन चाटू? काय आहे तिथं माझं?"

नगरसेवकानं टेबलावर डस्टर आपटलं. मग नरसय्या पुढं आला. मनात जुळवून आणलेलं भाषण हासानंदच्या तोंडाकडे बघताच विसरून गेला, आणि जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"आमच्या बायका शर्टांची काजं-बटणं करतात. एका शर्टामागं काय मिळतं ते यांना विचारा, शर्ट यांच्याच कारखान्यांतले. गिरणीत ज्यांनी जन्म काढला ते आता गेटवर दांडकं घेऊन बसतात. मी अध्यक्ष. माझ्या पोरीचं लग्न ठरलंय, आणि तिच्या अंगावर घालायला माझ्याकडे गुंजभर सोनं नाही. आणखी काय सांगू?"

हासानंद बाकांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत आला. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला आणि नरसय्याच्या खांद्याला नाक लावायचंच काय ते बाकी ठेवलं.

"झूठा!" तो ओरडला. "कपडा रोज बघतो मी. हा फाटलेला नाही. हा ब्लेडनं उसवलाय. आज घरी बसून उसवलाय यानं!"

सिंधी बाकं खो खो हसली. पद्मशाल्यांतलेही दोघे-तिघे हसले. नरसय्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तो अंगावर धावून गेला, चार जणांनी धरला, म्हणून हासानंदची कॉलर वाचली.

तरीही जागा पद्मशाल्यांना मिळाली. शर्टाचं खोटं असेल, नगरसेवक म्हणाला, पण पोरीच्या सोन्याचं कुणी भरसभेत खोटं सांगत नाही. वस्तीत फटाके लागले. हासानंदनं दुकानाचं शटर खाली ओढलं ते दोन दिवस उघडलं नाही. त्याचाच नरसय्याला जास्त आनंद झाला.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग सोयरीक जुळवणारा मल्लेशम भिवंडीहून आला. चहा झाला तरी तो विषयावर येईना. शेवटी चप्पल पायात घालता घालता बोलला.

"अंजय्या मागं सरतोय."

"का?"

"का म्हणजे? भिवंडीत मागामागावर तेच चाललंय. समाजाच्या अध्यक्षानं भरसभेत सांगितलं, पोरीच्या अंगावर गुंजभर सोनं नाही. अंजय्याची बायको म्हणते, अशा भिकाऱ्याच्या दारात वरात न्यायची का?"

बोलणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंनी सोन्याचा विषय गोड बोलून पुढं ढकलला होता. मुलीचा बाप सोनं आहे की नाही ते सांगत नसतो आणि मुलाचा बाप ते आहे असं धरून चालतो, जगरहाटीच ती. नरसय्यानं ती सभेत मोडली होती.

सरोजा कोपऱ्यात आपल्याच एका साडीला फॉल लावत बसली होती. तिनं सुई तशीच कापडात टोचली, साडीची घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिली. रडली नाही. कारखान्यातला शर्टांचा गठ्ठा ओढून घेतला आणि बटणं लावायला लागली.

"मिळाली ना जागा?" राजव्वा म्हणाली. "आता तिथं जाऊन झोपा."

नरसय्या दोनदा भिवंडीला जाऊन आला. अंजय्या भेटला नाही. तो कारखान्यात नाही म्हणून सांगणाऱ्या पोऱ्याच्या मागून अंजय्याचा खोकला ऐकू येत होता. परत येताना नरसय्यानं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलंही नाही. आपण खरं बोललो आणि आपल्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

आणि एका रविवारी अंजय्या स्वतःच दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर हसू.

"व्याही, तुम्ही भलतेच पोचलेले निघालात!"

राजव्वानं घाईघाईनं चटई टाकली. सरोजा पडद्याआड गेली.

"परवा कोपरीत माल पोचवायला आलेलो," अंजय्या म्हणाला, "हासानंद शेटच्या दुकानात. सहज तुमचं नाव काढलं. शेट असा भडकला! म्हणाला, त्या नरसय्याचं नाव नको काढू. नंबर एकचा झूठा. जागा लाटायला घरी बसून ब्लेडनं शर्ट उसवला आणि फाटका म्हणून सभेत आला. अशा माणसाचं सोनं जमिनीखाली असतं, म्हणाला, सात जन्म दिसणार नाही."

नरसय्याच्या मुठी वळल्या.

"मी मनात म्हटलं, शेट सिंधी माणूस, तुमच्यावर जळणारच. खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकावं." अंजय्या पुढं झुकला. "सांगा, शर्ट तुम्ही उसवला होता?"

स्टोव्ह तेवढा फरफरत होता. नरसय्यानं राजव्वाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. पडद्याखालून सरोजाची पावलं दिसत होती, ती हलत नव्हती. चारचौघांत आपल्याला खोटारडा म्हणणाऱ्याच्या नरड्याला हात घालायचा, असं त्यानं रोज कामावर जाता-येता ठरवलं होतं. आता तोच शब्द त्याला स्वतःच्या तोंडानं आपल्या अंगावर घ्यायचा होता.

"होय," तो म्हणाला. "मीच उसवला. ब्लेडनं."

अंजय्यानं मांडीवर थाप मारली.

"वाटलंच! अहो, मीसुद्धा टॅक्सवाला आला की एकच माग चालू दाखवतो. बाकीच्या तीनवर बायको कपडे वाळत घालते. सरकारपुढं रडलंच पाहिजे." त्यानं पुडा सोडला. "सोनं किती, मी विचारणार नाही. झाकून ठेवणारा माणूस पोरीला कमी करत नाही. मुहूर्त तोच ठेवू."

तो गेला. नरसय्यानं हातातला पेढा पुड्यात परत ठेवला. खरं बोलला तेव्हा पोर घरात बसली होती, आणि आता लबाड ठरला म्हणून तिचं लग्न होणार होतं. त्याला आनंद झाला होता आणि त्याच आनंदाची लाजही वाटत होती. राजव्वानं कानातल्या माहेरच्या फुलांना हात लावून पाहिला.

"लग्नात तिच्या अंगावर काय घालायचं ते मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही त्या सिंध्याला पत्रिका देऊन या."

"मी? त्याच्या दारात?"

"तुम्हीच."

तिनं शर्ट पुन्हा शिवून ठेवला होता. तोच घालून, कोपऱ्यांना हळद लावलेली पत्रिका घेऊन तो निघाला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हासानंद गादीवर बसून ताग्यांच्या चिठ्ठ्या लावत होता. बोटांत अंगठ्या परत आल्या होत्या. नरसय्यानं पत्रिका त्याच्यासमोर टाकली. दिली असं काही म्हणता येणार नाही.

"पोरीचं लग्न आहे."

"कुठं?"

"जागेवर. मांडव घालतोय."

"ती जागा आमची होती. तिथं मी पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू."

मागच्या दारातून हासानंदची बायको आली. तिनं स्टुलावर पापडाची ताटली ठेवली, पाण्याचा ग्लास ठेवला आणि आत गेली. नरसय्या उभाच राहिला.

"अंजय्याला काय सांगितलंत तुम्ही?"

"जे आहे ते. तू झूठा आहे."

"माझ्याकडे सोनं नाही. तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"मला काय माहीत? मी काय तुझी ट्रंक बघायला आलो?"

हासानंद गादीवरून उठला, चष्मा कपाळावर ढकलून त्याच्यापाशी आला आणि त्या दिवशीसारखाच त्याच्या खांद्यावर वाकला. नरसय्या मागं सरला नाही. हासानंदचं बोट नव्या टाक्यांवरून सावकाश फिरलं.

"बायको चांगला रफू करते," तो म्हणाला. "चौथा ना हा?"

नरसय्या समोरच्या ताग्यांकडे बघत राहिला.

"त्या दिवशी दिसलं मला. ब्लेडनं दोरा जातो, भोकं जात नाहीत. भोकांवर भोकं होती, जुनी. ते कशाला सांगू अंजय्याला?" त्यानं चष्मा खाली घेतला आणि गादीवर जाऊन पुन्हा चिठ्ठ्या लावू लागला. "बस. पापड खा आणि जा. गिऱ्हाइकाचा टाइम आहे."

नरसय्या स्टुलाशेजारच्या बाकावर टेकला. पापड मोडल्याचा आवाज दुकानात जरा मोठाच झाला. दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही. त्यानं सगळा पापड खाल्ला, ताटलीतला चुरासुद्धा बोटानं टिपला, आणि मग पाणी प्यायला.