तळं न दिसणारी जागा

तीन जागा त्या मुलाने नाकारल्या आणि तिन्ही चांगल्या होत्या. चौथी त्याने पसंत केली ती अशी, की तिथे बकरीनेही बसकण मारली नसती. मागे सरळसोट खडक, दोन्ही अंगांना काटेरी जाळ्या आणि पुढे खाली उतरणारी एकच पायवाट. सियाहराशचं तळं बघायला आम्ही करजहून अख्खा चालूसचा घाट ओलांडून आलो होतो, आणि इथून तळं दिसत होतं तळहाताएवढं. तेही मान वाकडी केली तर.

"इथे?" मी विचारलं.

"इथेच बरं, खानुम," बर्दिया म्हणाला. "आडोसा आहे."

आडोसा म्हणे. आडोसा कुणाला लागतो? ज्याला काही लपवायचं असतं त्याला. हे मला कुणी शिकवायला नको, कारण लपवायचं मलाही होतं.

माझा नवरा होर्मोज. आयुष्यभर तेहरान-चालूस बस चालवली त्याने. घाटातलं प्रत्येक वळण त्याला अजून तोंडपाठ आहे, पण गेल्या वर्षापासून घराची गल्ली सापडत नाही. सकाळी विचारलेलं दुपारी विचारतो, दुपारचं संध्याकाळी. आणि पायात बूट चढवायला मिळाले की निघतो. कुठे, ते त्यालाही ठाऊक नसतं. ही गोष्ट मला आणि माझ्या मुलीला, नस्तरनला, एवढीच माहीत होती. नस्तरनचं आधीचं एक स्थळ तिच्या काकाच्या फिटवरून मोडलं होतं. वंशात आहे म्हणाले आणि मिठाईच्या ताटाला हात न लावता उठून गेले. तेव्हा ह्या वेळी मी ठरवलं होतं, बले-बोरान होईपर्यंत, म्हणजे दोन्ही घरं समोरासमोर बसून होकार पक्का करेपर्यंत, तोंड उघडायचं नाही. उद्या शुक्रवारी दुपारी नवऱ्या मुलाची, म्हणजे बर्दियाची, आई जेवण घेऊन इथे येणार होती आणि बले-बोरानची तारीख ठरणार होती. आधी तेवढा वेळ निभवायचा.

आणि तेवढ्या वेळातच मला बर्दियाचं काय काळंबेरं आहे ते शोधायचं होतं. आमच्याकडे मुलगा पारखायचा तर त्याच्या गल्लीत चौकशी करतात, आणि मग त्याला प्रवासाला नेतात. चौकशी मी केली होती. न्हाव्याला विचारलं, भाजीवाल्याला विचारलं, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, वडील नाहीत, आईला जपतो, सोन्यासारखा मुलगा. इतकं चांगलं कुणाबद्दलच बोलत नाहीत. माझ्याबद्दल तर नाहीच नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याआधीची एक गोष्टही मला खटकत होती. हिवाळ्यात होर्मोज संगक रोटी आणायला गेला आणि येईचना. मी दारात उभी राहून गोठले. शेवटी एक गाडी आली, तीही भट्टीच्या बाजूने नाही, उलट दिशेने. आतून होर्मोज उतरला, हातात पुठ्ठ्यासारखी कडक झालेली रोटी, आणि मागोमाग हा बर्दिया. नस्तरनच्या प्रयोगशाळेतच कामाला. "आगा वाटेत भेटले, म्हटलं सोडतो," म्हणाला. वाटेत म्हणजे कुठे? आमच्या गल्लीत ह्याचं काय काम? त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई, मेहरअंगीज खानुम, फुलं आणि मिठाई घेऊन आमच्या दारात. मुलीच्या बापाला गाडीतून फिरवून आधी पटवलं, मग आईला पाठवलं. डोकं बघा पोराचं.

तर जागांचं सांगत होते. पहिली जागा तळ्याच्या अगदी काठाला, सपाट, हिरवीगार, डोक्यावर बीचचा मोठा वृक्ष. होर्मोज तर उतरून बसलाच. बर्दिया म्हणाला, दंव पडेल, गाद्या ओल्या होतील. दुसरी झऱ्याच्या वर, जिथे तीन वाटा फुटतात. तिथे म्हणे रानडुकरं येतात. तिसरी रस्त्यालगत, दोन कुटुंबांनी आधीच सतरंज्या टाकल्या होत्या, समोवार शिट्ट्या घालत होता, त्यांनी आम्हाला टरबूजही पुढे केलं. तिथे ह्याला गाड्यांचा त्रास होणार होता. प्रत्येक वेळी "तुम्ही म्हणाल तसं, खानुम," असं आधी म्हणायचा आणि मग आपलंच खरं करायचा. सौजन्याने बोलून मनासारखं करून घेणाऱ्या माणसाची मला शिवी देणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

गाडीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तुम्ही ह्या तळ्यावर आधी आला होतात का?"

"नाही खानुम, पहिल्यांदाच."

आणि आता तंबू ठोकून झाल्यावर मी म्हटलं, पाणी कुठे मिळतं बघायला हवं. तो कॅन उचलून निघाला तो तडक जाळीमागे वळला आणि भरून परत आला. कुणाला विचारलं नाही, शोधलं नाही. मी नस्तरनला कोपराने ढोसलं.

"पहिल्यांदाच आलाय म्हणे."

"आई, झऱ्याचा आवाज येतोय. बहिऱ्यालाही सापडेल."

"आणि खालच्या चहावाल्याचा कुत्रा? आपण येताना अनोळखी सगळ्यांवर भुंकला. ह्याच्या पायाशी जाऊन लोळला. आणि तो म्हातारा चहावाला ह्याला बघून हसायला लागला, आणि ह्याने डोळ्यांनी खुणावल्यावर गप्प झाला. मी पाहिलंय."

"मग काय, इथे त्याची पहिली बायको राहते?"

"हसू नकोस. असेलही."

नस्तरन द्राक्षांचे घड टोपलीत ठेवत म्हणाली, "खोटं कोण बोलतंय त्याचीच चौकशी करायची असेल, तर आपल्यापासून सुरुवात करू. मी सांगते त्याला बाबांचं. आत्ता."

"उद्यापर्यंत थांब. माझी शपथ आहे."

ती रागाने झऱ्याकडे निघून गेली.

जेवताना मी होर्मोजला चिकटून बसले. कोणी काही विचारलं की त्याच्याआधी मी उत्तर द्यायची. तरी त्याने हिमवादळाची गोष्ट काढलीच. कंदवानच्या बोगद्याशी बस अडकली, प्रवाशांत एक बाळंतीण, आणि ह्याने इंजिनावर दूध गरम केलं. बर्दियाने विचारलं, "मग बाळाचं नाव काय ठेवलं?" होर्मोज खुलला. "माझंच. होर्मोज." कोंबडीचा कबाब संपेपर्यंत गोष्ट तीनदा झाली, आणि तिन्ही वेळा ह्या मुलाने मान पुढे काढून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं विचारलं, मग बाळाचं नाव काय ठेवलं. मी मनात म्हटलं, हा एकतर भोळसट आहे नाहीतर पक्का बिलंदर. भोळसट असता तर मला काळजी नव्हती.

जेवणानंतर बर्दिया सरपण तोडायला बाजूच्या जाळ्यांत शिरला. नस्तरन भांडी घेऊन झऱ्यावर. होर्मोजने डोळे मिटले, मग मीही क्षणभर मिटले. घाटातला प्रवास आणि पोटात भात, दुसरं काय होणार. उघडले तेव्हा शेजारची चादर रिकामी होती आणि होर्मोजचे बूट नव्हते.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर बर्दियाला कळलं असतं. हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण त्या घडीला नवरा पाण्यात गेला असेल ह्या भीतीइतकीच लग्न मोडेल ही भीतीही माझ्या छातीवर बसली होती. अनवाणी पायवाट उतरले. वाट कुठेच फुटत नव्हती. फुटली असती तर मी कुठे वळले असते देव जाणे. वळण घेऊन ती थेट चहाच्या टपरीसमोर जाऊन थांबली.

होर्मोज तिथे बाकावर बसला होता. समोर तख्ते-नर्दच्या सोंगट्या-फाशांचा डाव मांडलेला, हातात चहाचा पेला, कुत्र्याचं डोकं त्याच्या बुटावर. तो चहावाल्याला हिमवादळाची गोष्ट सांगत होता.

मी तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर टेकले. चहावाला उठून माझ्यापाशी आला. नूरअली त्याचं नाव.

"घाबरू नका, खानुम. तुमच्या मुलाने सगळं सांगून ठेवलंय."

"कुठला मुलगा?"

"तोच हो. मागच्या शुक्रवारी आला होता. दिवसभर भटकला इथे. प्रत्येक जागेवर उभा राहायचा आणि मला विचारायचा, काका, इथून माणूस एकटा निघाला तर कुठे पोचेल? काठावर, तीन वाटांवर, रस्त्याकडेला. मी म्हटलं, बाबा रे, माणूस आणतोयस का मेंढरं? शेवटी ती खडकाखालची जागा दाखवली त्याला. वर्षानुवर्षं तिथे कुणी तंबू टाकलेला नाही, तळं दिसत नाही ना. पण तिथून निघालेला माणूस माझ्या चहाशिवाय दुसरीकडे जाऊच शकत नाही." तो आपल्याच बोलण्यावर हसला. "म्हणाला, माझे वडील येतील. कुठे निघालात विचारू नका, ते चिडतात. चहा द्या आणि चालूसच्या रस्त्याचं विचारा."

"वडील म्हणाला?"

"हो. का, नाहीत का?"

मी रुमालाच्या टोकाने तोंड पुसत बसले. तेवढ्यात पायवाटेवरून बर्दिया धावत आला. केसांत काटक्या, एका हातात माझ्या चपला. होर्मोजला बाकावर बघून त्याने श्वास सोडला आणि चपला माझ्या पायाशी ठेवल्या.

"आगा चहाला आले वाटतं," तो म्हणाला. अजूनही नाटक चालूच. मला झाकू बघत होता पोरगा.

"पुरे झालं," मी म्हटलं. "कधीपासून माहीत आहे?"

त्याने खाली बघितलं. "रोटीच्या दिवसापासून. आगा बस टर्मिनलवर होते, खानुम. आपल्या बसची किल्ली मागत होते. लोक हसत होते. आगा नस्तरनला कामावरून न्यायला यायचे ना, म्हणून मी ओळखलं. घरी येईपर्यंत त्यांनी मला घाटातलं एकेक वळण सांगितलं."

मी हिशेब जुळवला. आधी रोटी. मग फुलं, मिठाई आणि त्याची आई. ज्या गोष्टीला भिऊन मी वर्षभर दार लावून बसले होते, ती बघूनच हा त्या दारात आला होता.

"आणि हे बघून तू स्थळ घेऊन आईला पाठवलंस?" मी त्याला कधी अरेतुरे करायला लागले ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"पाठवायचं आधीपासून मनात होतं. पण वाटायचं, तुम्ही नाही म्हणाल, माझ्यात असं काय आहे? त्या दिवशी वाटलं, ह्या घरात माझा थोडा उपयोग होईल." मग घाईने म्हणाला, "आईला मी काही बोललेलो नाही. तिला कळायची गरजही नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त कसली राहते. संध्याकाळभर एकच गोष्ट मला खात होती. ह्या मुलाला मी आता जन्मभर आईशी खोटं बोलायला लावणार होते, तेही माझ्यासाठी. नस्तरनला सगळं सांगितलं. ती नुसती उठून बर्दियाशेजारी बसली आणि त्याच्या केसांतल्या काटक्या काढायला लागली. मी ओरडायला हवं होतं, ओरडले नाही.

शुक्रवारी दुपारी मेहरअंगीज खानुम पातेली घेऊन धापा टाकत पायवाट चढून आल्या. खडक बघितला, जाळ्या बघितल्या, मान वाकडी करून तळ्याचा तुकडा बघितला.

"ही जागा कुणी निवडली?"

"मीच, आई," बर्दिया म्हणाला. "आडोसा आहे."

"आडोसा नाही," मी म्हटलं. "बसा, खानुम. माझ्या नवऱ्याला विसर पडतो. वाट चुकतो, एकटा निघून जातो. इथून तो तळ्याकडे जाऊ शकत नाही, म्हणून तुमच्या मुलाने ही जागा निवडली. मी तुमच्यापासून लपवलं. आता तारीख ठरवायची की जेवून परत जायचं, ते तुम्ही सांगा."

त्यांनी पातेली खाली ठेवली. बूट काढले, सतरंजीवर बसल्या, माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"तुला माहीत होतं?" त्यांनी त्याला विचारलं.

"हो, आई."

"मेल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गल्लीत चौकशी काय फक्त मुलीकडचेच करतात, ताबंदे खानुम? तुमच्या संगकवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. रोटी घेऊन होर्मोज आगा उलट्या दिशेला चालत जातात म्हणाला. मीच ह्याला बोलले नाही. म्हटलं, पोरगं बिथरेल, आणि इतकी चांगली मुलगी हातची जाईल."

होर्मोजने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा बघितलं, पाहुण्यांशी असं गप्प बसणं त्याला कधीच आवडत नाही, आणि त्याने घसा साफ करून हिमवादळाची गोष्ट सुरू केली. बस अडकली. दूध गरम झालं. मी आदल्या दिवसासारखी बर्दियाच्या प्रश्नाची वाट बघत होते, पण तो आपल्या आईकडे बघण्यात गुंतला होता.

म्हणून मी विचारलं, "मग बाळाचं नाव काय ठेवलं?"