छपरावरचा हलवा

वनिताच्या हलव्याला कॅनडातल्या एडमंटनमध्ये जो काटा येतो, तो पुण्यात भल्याभल्यांना जमायचा नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटरची कोरडी हवा. साखरेला दमट व्हायची संधीच नाही. डिसेंबर लागला की वनिता मंद आचेवर तीळ हलवत त्यांच्यावर चमचा चमचा पाक सोडते, आणि पोळलेली बोटं आल्यागेल्याला दाखवते.

यंदाचा हलवा आरवसाठी होता. नातवाचं पहिलं बोरन्हाण जानेवारीत. मुकुट, बासरी, कंठी, बाजूबंद, सगळं व्हायचं होतं. हलवा दोऱ्यात बांधायला कुणीतरी हवं, म्हणून मला फोन आला. काम असलं की वनिता मला फोन करते. जेवायला बोलवायचं असलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांबरोबर. मी तक्रार करत नाही, लक्षात ठेवते.

मी पोचले तेव्हा वनिता वर आरवला निजवत होती. खाली डायनिंग टेबलवर आरवच्या मोठ्या बहिणीचं, अनन्याचं, जिंजरब्रेडचं घर उभं राहत होतं. आल्याच्या बिस्किटाच्या भिंती, साखरेच्या घट्ट आयसिंगने चिकटवलेल्या. वनिताचा मुलगा श्रेयस दोन्ही हातांनी भिंत धरून बसला होता. लग्न झाल्यापासून त्या घरात त्याचं हेच काम आहे.

"ये ना सुमेधामावशी," तो म्हणाला, "मी उठू शकत नाही, छप्पर पडेल."

अबोली, त्याची बायको, वाट्यांमध्ये गोळ्या वेगवेगळ्या करत होती. जिलेटिनच्या गमी शाकाहारी नाहीत म्हणून तिने आधीच बाजूला सारल्या होत्या. उरलेल्यांत पेपरमिंटच्या चकत्या, रंगीत चॉकलेटच्या टिकल्या, साखर लावलेल्या जेली. सात वर्षांची अनन्या प्रत्येक गोळी उचलून छपरासमोर धरायची आणि नाक मुरडायची. मुलगी बघायला आलेल्या सासवा इतकं पारखत नाहीत.

"टू शायनी. मम्मा, स्नो शायनी नसतो."

"मग खोबऱ्याचा कीस घालू?"

"नो. दॅट लुक्स लाइक हेअर."

मग तिला माझ्यासमोरचा स्टीलचा डबा दिसला. तिने झाकण उचललं. आत पांढराशुभ्र, टोकदार काट्यांचा हलवा.

"धिस वन! मम्मा, प्लीज?"

मी अबोलीकडे पाहिलं. तिला डब्यात काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर तिच्याच स्वयंपाकघरात वनिताने तिला पाय ठेवू दिला नव्हता. ती एक क्षण थांबली. मग डबा माझ्यासमोरून उचलून लेकीसमोर ठेवला.

"घे. हवा तेवढा घे."

श्रेयस म्हणाला, "अगं, तो आईचा..."

"तू भिंत धर."

वनिता खाली आली तेव्हा छप्पर पूर्ण पांढरं झालं होतं. फार सुंदर दिसत होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. डब्याच्या तळाशी मात्र जेमतेम एका कंठीपुरता हलवा उरला होता.

"कुणी दिला हिला?"

"मी," अबोली म्हणाली.

"तुला कळत नव्हतं? आठवडाभर बोटं भाजली माझी! आरवच्या मुकुटाचा हलवा तो, आणि तू बिस्किटाला थापलास?"

"कळत होतं, म्हणूनच दिला."

आता मात्र श्रेयसने भिंत आणखी घट्ट धरली.

"अनन्याचं बोरन्हाण झालं का हो, आई?" अबोलीचा आवाज चढला नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली. "तुम्ही तेव्हा म्हणालात, इथे बोरं कुठे मिळतात. म्हणालात, एवढ्या थंडीत पोरीला कशाला नटवायचं. बोरं अजूनही मिळत नाहीत. आरवसाठी क्रॅनबेरी चालतायत. आणि थंडी काय, यंदा सुट्टीवर गेलीय?"

"त्या वर्षी माझा हात दुखत होता. हलवा केलाच नव्हता मी. विचार सुमेधाला!"

ही वनिताची जुनी खोड. खोटं स्वतः बोलायचं आणि सही माझी घ्यायची. एरवी मी मान हलवलीही असती. पण अनन्या हातातली पेपरमिंट तशीच धरून माझ्याकडे बघत होती.

"हात दुखत नव्हता, वनिता," मी म्हटलं. "त्या वर्षी तू मराठी मंडळातल्या देवदत्तच्या नातवाला मुकुट केलास. मीच बांधला होता. मंडळाच्या हळदीकुंकवात फोटो काढत फिरलीस."

अबोलीचे कान लाल झाले. हाताचं कारण तिने इतकी वर्षं खरं मानलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"परक्याच्या नातवाला मुकुट," ती हळू म्हणाली, "आणि हिला दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. मी तुमच्या हाताला तेल चोळून देत होते, आई!"

"सुमे, तू माझी मैत्रीण की हिची?"

"बोलावलंस तू. विचारलंस पण तूच."

वनिताने ड्रॉवरमधून सुरी काढली. "काढते मी तो हलवा. मुकुटाशिवाय बोरन्हाण होत नाही."

"मुलगी बोरन्हाणाशिवाय मोठी झालीच की!" अबोली ओरडली. आता तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि आरव रडू लागला.

अनन्याने घराभोवती दोन्ही हात टाकले. आयसिंग तिच्या बाह्यांना लागलं. वनिताची सुरी तरी पुढे आलीच. तेव्हा श्रेयसने भिंत सोडली. घराचं काहीही झालं नाही, ते केव्हाच घट्ट झालं होतं. त्याने आईचं मनगट धरलं.

"आई, तिच्या घराला हात लावायचा नाही."

"तूसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. उशीर झाला मला, पण मीसुद्धा."

वनिताने सुरी सिंकमध्ये भिरकावली. मग वळली, आणि भांडी आदळावीत तसे शब्द आदळले:

"आणून द्या साखर. दोघांचं करते. पाच वर्षांपुढे कुणी करत नाही, पण करते. हसू देत लोक."

अबोलीचा राग एवढ्यावर उतरणारा नव्हता. "मला नका सांगू. जिचं करायचं, तिला विचारा."

नातीला विचारायचं म्हणजे वनिताच्या घशात काटा. तरी तिने विचारलं. "घालशील गं, हलव्याचे दागिने?"

अनन्याने विचार केला. "कॅन आय चूज द कलर्स? पर्पल नेकलेस?"

"दागिन्यांचा हलवा पांढराच असतो."

"देन नो थँक यू, आजी." ती वळली आणि पेपरमिंट दारावर चिकटवू लागली.

वनिताचा चेहरा असा झाला की मी उठून बूट शोधायला लागले. मागून तिचा आवाज आला, माझ्यावरचा राग त्यात तसाच होता.

"सुमे! जांभळा रंग कशाने येतो?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "जिचे दागिने, तिला विचार."