एक्केचाळीस दिवस बंद

मनोरंजन पार्कच्या फाटकाशी एक खिडकी होती, वर 'चौकशी' अशी पाटी. आत बसणारीला सगळे चौकशीताई म्हणत. निम्मं त्या पाटीमुळे, निम्मं तिच्या स्वभावामुळे. कुणाच्या जावयाची कुठली दाढ दुखतेय, इथवर तिला खबर असायची. पण मोठा रोलर कोस्टर मधूनमधून बंद का असतो, हे मात्र तिने सहा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. 'तांत्रिक कारण' एवढं म्हटलं की रांग पुढे सरकायची.

त्या गुरुवारी रांग सरकली नाही. समोर गणिताच्या एक निवृत्त बाई उभ्या होत्या, सोबत आठ वर्षांची नात. बाईंनी पिशवीतून वही काढली.

"वर्षभरात तुमचा रोलर कोस्टर एक्केचाळीस दिवस बंद. पलीकडच्या पार्कातला फक्त नऊ. मी दोन्हीकडे रोज सकाळी फोन करते."

"अगंबाई, त्या तुम्ही होय!"

"मीच. भांडायला आले नाहीये. मला फक्त कारण हवंय."

"तांत्रिक..."

"तांत्रिक म्हणजे काय?" नातीने विचारलं.

"तुमचा नंबर देऊन ठेवा," चौकशीताई ओशाळून म्हणाली. "विचारून सांगते."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तिने मागची शेड गाठली. रोलर कोस्टरची गाडी रुळांवरून उतरवली होती, डबे आडवे पडले होते, चाकं फळीवर ओळीने मांडली होती. मधोमध फिटरकाका स्टुलावर बसले होते.

"काका, एवढं सगळं मोडलं?"

"मोडलंय कुठे? आम्हीच उघडलंय. हे बघ, ही चाकं रुळाच्या वर धावतात, ही बाजूने आणि ही खालून धरून ठेवतात. खालची नसतील तर उतारावर गाडी उडून जाईल." त्यांनी एक आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो लोखंडी दांडा, हातात घेतला. त्यावर लाल रंग लावून पुसून टाकलेला होता. त्यावर त्यांनी पांढरी पूड फवारली. "आता जरा दम धर."

दोघं बघत राहिले. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, केसाएवढी.

"ही कसली?"

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तडा. आत शिरलेला रंग बाहेर आलाय. नुसत्या डोळ्यांना हा दिसलाच नसता."

"मग आज गाडी चालली असती तर?"

"आजही चालली असती, उद्याही. कधीपर्यंत, ते नाही सांगता येत." त्यांनी तो आस बाजूला ठेवून त्यावर खडूने फुली मारली. "नवा यायला चार दिवस. म्हणजे तेवढे दिवस बंद."

चौकशीताईने ती फुली पुन्हा पाहिली. किती जणांना तिने हसत हसत आत सोडलं होतं! पण त्याहून जास्त आता तिला दुसऱ्याच प्रश्नाने पछाडलं. "मग पलीकडचे नऊ दिवसांत कसं उरकतात?"

"त्यांना विचार की. मला इथून कसं दिसणार?"

सोमवारी तिची सुट्टी होती. तिने बाईंना फोन केला आणि तिघी पलीकडच्या पार्कात गेल्या. रोलर कोस्टर सुरू होता, पण रांगेत पावणेदोन तास गेले.

"एकच गाडी धावतेय का हो?" बसलेल्यांसमोर सुरक्षेचा दांडा लावणाऱ्या मुलीला चौकशीताईने विचारलं.

"दुसरी तपासणीसाठी उघडलीय. आळीपाळीने करतो, म्हणजे बंद ठेवावं लागत नाही. रुळांचं काम थंडीत. तेव्हा सात आठवडे पार्कच बंद असतं."

बाईंनी तिथल्या तिथे वही उघडली. "तेव्हा फोन कुणी उचलत नाही, म्हणून मी नोंदच केली नाही! एकोणपन्नास अधिक नऊ... अठ्ठावन्न!"

"मग जिंकलं कोण?" नात म्हणाली.

"थांब गं. इथल्या रांगेचे तास धरायचेत, चौकशीताईंच्या पार्कात गाडी एकच आहे ते धरायचंय. पुन्हा सगळं मांडावं लागणार." बाईंचा चेहरा खुलला होता.

निघताना चौकशीताई फाटकापाशी थबकली. तिथे फळा होता: येत्या आठवड्यात काय बंद राहील, कशासाठी, किती दिवस. तिने तो अक्षरन् अक्षर उतरवून घेतला.

मंगळवारी ती मॅनेजरसमोर उभी राहिली. "आपणही आधीच सांगू या."

"वेड लागलंय? 'तडा' वाचून लोक पळतील."

"सापडला आणि काढला, हेही वाचतील ना. मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय, साहेब. खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं काही."

मॅनेजरने कॅलेंडरवर एक खूण केली. "महिनाभर बघू."

फळा लागला, त्यावर लाल रेघेची हकीकतही लिहिली. पहिल्या आठवड्यात दोन कुटुंबं वाचून परत गेली. पण तिसऱ्या आठवड्यात लोक खिडकीशी येऊन विचारू लागले, "ती लाल रेघ बघायला मिळेल का?" मग दर शनिवारी सकाळी फिटरकाका शेडबाहेर टेबल मांडू लागले. आधी कुरकुरले, पुढे इतके रंगले की त्यांना जेवायला हाक मारावी लागे.

पुढे आणखी एक आस बदलला, त्या दिवशी रिकाम्या गाडीच्या चाचण्या झाल्यावर काकांनी चौकशीताईला बोलावलं. ती आजवर त्यात एकदाही बसली नव्हती. पहिल्या चढावर सगळे ओरडायच्या तयारीत होते. ही मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून, खालच्या चाकांचा आवाज ऐकत होती.