जावांची टोपली

रबराच्या मास्कची मऊ पडलेली कड त्याच्या अंगठ्याखाली पुन्हा पुन्हा दुमडत होती... इतकी वर्षं हा मास्क कामकऱ्यांच्या तोंडावर बांधायचा, श्वास मोजायचा, श्वासावरून शरीराने किती शक्ती खर्च केली ते काढायचं. त्याचं सूत्र तेच आधी सांगायचं – ओझं किती, कुठवर उचलायचं, अंगाचं वजन किती, एवढं द्या, दमणूक घ्या. आलेखावर त्याची रेघ असायची आणि मोजणीचे ठिपके इमानाने तिच्यावर बसायचे. जोडीने ओझं उचलणाऱ्यांचे मात्र बसत नसत. रेघ म्हणायची, कमी दमतील. मास्क म्हणायचा, जास्त.

'सर, सोडून देऊ या आता,' विभागप्रमुख – एके काळची त्याची विद्यार्थिनी – काल हळूच म्हणाली होती. 'उद्याही ठिपके रेघेच्या वर गेले, तर नव्या पुस्तकात तुमचं सूत्र नाही घेता येणार.'

तो बरं म्हणाला होता. बरं म्हणणं त्याला कधीच जड गेलं नाही. लग्नात बायकोच्या मावशीने भलत्याच नावाने हाक मारली, त्याने ओ दिली, आणि त्या घरात तो अजून त्याच नावाला ओ देतो.

पण मागे एकदा धुलाईघरात... मास्क बांधायच्या आधी दोघी जावा ओल्या चादरींची टोपली घेऊन चालल्या होत्या, कचाकचा भांडत, आणि टोपली पाण्यावर तरंगावी तशी संथ. मग मास्क बांधले. दोघी गप्प. एकीने उचललं तेव्हा दुसरी अजून वाकतच होती. टोपली कलंडली, खांद्यांना हिसका बसला. आणि मी – मी तिथे उभा होतो, इतकी वर्षं तिथेच उभा होतो – तेव्हा कुठे लक्षात आलं, आपण त्यांचं तोंडच बांधतो आहोत.

म्हणून आज ही बंद खोली. मास्क नाही, खोलीतून बाहेर पडणारी हवाच यंत्र मोजणार. काचेपलीकडे त्याच जावा, तीच टोपली.

'उचल गं, टोपलीला काय पाय फुटणार आहेत?' थोरली म्हणाली.

'तुमचा हात लागू दे की, जाऊबाई. केव्हाची वाकून बसलेय.'

'तोंड चालतं तेवढे पाय चालव.'

टोपली तरंगत निघाली. फेऱ्यांवर फेऱ्या. तो यंत्राच्या पडद्याकडे बघेना. काचेच्या चौकटीतला एक गंजका स्क्रू बघत राहिला.

'सर,' विभागप्रमुख म्हणाली. 'सर, बघा तरी.'

ठिपका रेघेवर होता. शेजारी दुसरा उमटला... तिसरा... कुणी ओवल्यासारखे.

'रेघ बरोबर होती,' ती म्हणाली. 'आपलं मोजणंच चुकत होतं.'

'हो,' तो म्हणाला. 'बरोबरच होती.'

आवाज केवढा मोठा आला. काचेपलीकडे धाकटीने मान वळवून पाहिलं. छातीत काहीतरी उंच, उजेडाचं उभं राहत होतं आणि त्याला खाली बसवायची नेहमीची युक्ती आठवेना. तो शंकेची वाट पाहू लागला – यंत्र चुकलं असेल, योगायोग असेल... शंका आलीच, सवयीप्रमाणे. पण आज दारातच थबकली, आणि मी तिला बस म्हणालो नाही.