टाकीवरचं नाव

मित्रांनो, मी पिंपरी पेंढारची एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझा मालक संपत याचा मला भयंकर राग येतो. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला नवीन आणलं तेव्हा संपतची बायको अक्षदा हिने मला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढे लेक झाली, तेव्हा संपतने माझ्या टाकीवर लाल अक्षरांत तिचं नाव रंगवून घेतलं, ‘श्रेया’. मी टोमॅटोची क्रेटं वाहिली, श्रेयाला शाळेत पोचवलं, सगळ्यांना लेण्याद्रीला नेलं. गाव माझं कौतुक करायचं. काय ते दिवस होते!

मग या बाबाला दारू लागली. मी सुरू झाले नाही की मलाच लाथा! माझं ऑइल बदलायचं नाव नाही, स्वतःची बाटली मात्र डिक्कीत हजर. शेवटी एकदा त्याने मला श्रेयासकट रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत घातलं. पोरीचा हात मोडला, माझ्या पुढच्या चाकाचा चिमटा वाकला आणि या महाशयांना साधं खरचटलंही नाही. मला जीभ असती तर त्या दिवशी मी त्याला सोडलं नसतं.

अक्षदाने दवाखान्यातच त्याला सुनावलं, “ही गाडी परत दारूच्या दारात दिसली, तर लेकीला घिऊन माहेरी जाईन. मग न्यायला येऊ नका.”

आळेफाट्याच्या कुंडलिक मिस्त्रीने माझा चिमटा सरळ केला. तोही एके काळी पिऊन रस्त्यात पडायचा. तो म्हणाला, “गाडी केली नीट, राव. तुला नीट करणारा पाना माझ्याकडं न्हाई. दर शनिवारी संध्याकाळी पेठच्या शाळेत दारू सोडणाऱ्यांची बैठक असती. मी बी तिथंच सुटलो. आडनाव कुणी इचारत न्हाई. जा.”

संपत गेला. पण शाळेच्या फाटकापुढे त्याचा धीर सुटला. मला वळवून त्याने रस्त्यापलीकडच्या परमिट रूमपुढे उभं केलं आणि तोंडाला रुमाल बांधून चालत शाळेत गेला. हँडल लॉक करताना पुटपुटला, “हितं गाडी दिसली तर लोक म्हणत्याल पितोय, त्यात नवं काय? तिथं दिसली तर हसत्याल.” ऐकलंत? पिण्याची लाज नाही, सोडण्याची लाज! घरीही त्याने काही सांगितलं नाही. जमलं नाही तर हसं नको म्हणे.

त्याची दारू खरंच सुटत होती, हे मला कबूल करावं लागेल. पण तो आत बसून शहाणा होत असताना मी बाहेर दारुड्यांच्या गराड्यात. एकाने तर माझ्या सीटवर ओकून ठेवलं. टाकीवर लेकराचं नाव, आणि समोर ते दार!

अक्षदाचा भाऊ भरत टोमॅटोचा टेम्पो घेऊन त्याच रस्त्याने पुण्याला जातो. त्याने ते नाव वाचलं. पुढच्या शनिवारी तो बहिणीलाच घेऊन आला. अक्षदा माझं हँडल धरून परमिट रूमच्या दाराकडे बघत उभी राहिली. संपत आला तो मागून, शाळेतून.

“मी प्यायलो न्हाई गं. बैठकीला व्हतो.”

“कसली बैठक? अजून किती खोटं बोलाल?”

भरत पुढे झाला. “दाजी, तोंड उघडा.” त्याने वास घेतला आणि मान हलवली. “अक्के, वास न्हाई.”

मला वाटलं, आता ती निवळेल. छे! ती आणखीच भडकली. “मग गाडी हितं का?”

“लोक हसत्याल म्हून...”

“लोकांच्या हसण्याला भ्याला? अन् माझ्या लेकीचं नाव दारूच्या दारात उभं केलं? ढकला ती गाडी. फाटकापुढं लावा!”

त्याने मला ढकलत रस्ता ओलांडला. मागून ओळखीचे दारुडे ओरडले, “संपत भजनाला निघाला रे!” घामाने भिजलेल्या संपतने मला नाव रस्त्याकडे करून उभं केलं.

“श्रेयाला माहेरी नेतीय,” अक्षदा म्हणाली. “भरत शनिवारी हितनं जातो. गाडी फाटकापुढं दिसत ऱ्हायली तर बघू.” आणि ती निघून गेली.

तेव्हापासून दर शनिवारी मी फाटकापुढे असते. रस्त्याने जाणारे आमच्या गावातले मला ओळखून दात काढतात. कुणीतरी नावाखाली कोळशाने बाटली काढली, ती संपतने स्वतःच्या बाहीने पुसली. मित्रांनो, गाडीला वेळेवर ऑइल घाला, लाथा घालू नका, हे तर मी सांगणारच. पण गाडीवर लेकराचं नाव लिहिलंत, तर ती कुठे उभी करता ते बघा.

भरतचा टेम्पो दर शनिवारी फक्त हळू व्हायचा. गेल्या शनिवारी तो थांबला. खिडकीतून श्रेयाने डोकं काढलं, टाकीवरचं नाव वाचलं आणि ओरडली, “आई, आपली गाडी!” ती उतरली नाही, टेम्पो निघून गेला. संपत फाटकात उभा राहून लहान पोरासारखा रडला. मग येऊन त्याने किक मारली. मी पहिल्याच किकेला सुरू झाले. त्याच्यासाठी नव्हे हो, पोरीसाठी.