तिसावं मत

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. ओक लाकडाची, पितळी कुलपाची आणि स्वभावाने हट्टी. नेब्रास्कातल्या हॉथॉर्न बेंड गावात एका सुताराने मला बनवलं, तेव्हा इथे आगगाडी थांबायची आणि माझ्यात दोनशे बारा मतं पडायची. जर्मन आणि चेक शेतकरी पायरीवर बुटांचा चिखल झटकून आत यायचे. पुढे बायकांनाही मताचा हक्क मिळाला. त्या दिवशी नवऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

आमच्याकडे हत्तीवाला, म्हणजे हत्ती चिन्हाचा पक्ष जिंकतो. धुळीच्या वादळांनी पिकं खाल्ली तेव्हा लोक दोनदा गाढववाल्यांकडे, म्हणजे गाढव चिन्हाच्या विरोधी पक्षाकडे गेले, पण दिवस पालटताच हत्तीकडे परतले. मग मोठमोठी यंत्रं आली, चार शेतांचं एक झालं, पोरं ओमाहा शहरात गेली ती तिकडचीच झाली. शाळा बंद पडली. दोनशेचे नव्वद झाले, नव्वदचे चाळीस. आता येतात ते बहुतेक सत्तरीपुढचे. शिवाय मांसाच्या कारखान्यात काम करणारी ओफेलिया. ती ग्वाटेमालाहून आलेली, नुकतीच मतदार झालेली.

यंदा जिल्हा कचेरीचं पत्र आलं. तीसपेक्षा कमी लोक आले तर केंद्र बंद, पुढे टपालाने मतदान. मला म्हणे काचेच्या कपाटात ठेवणार. छे! मला शोभेला बसायचं नाही, काम करायचंय.

केंद्राची प्रमुख लव्हॉन कुचेरा. वय अठ्ठ्याहत्तर, कट्टर हत्तीवाली. तिने पातेलंभर चिली, म्हणजे मांस-राजम्याची झणझणीत आमटी शिजवली, दालचिनीचे रोल भाजले आणि घरोघर फोन केले. संध्याकाळी सातपर्यंत एकोणतीस जणांनी मत टाकलं आणि बरेचसे खायला थांबले. दार आठला बंद होणार होतं.

"डेल्बर्ट राहिलाय," यादी बघत तिची मैत्रीण आयरिन म्हणाली.

लव्हॉनचा चेहरा पडला. मागच्या खेपेस गाढवाला एकच मत पडलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत ओरडली होती, "हे डेल्बर्टचंच! दुसरं कोण असणार?" सगळे खो खो हसले. डेल्बर्ट सॉरेनसनने टोपी उचलली आणि गेला, तो फिरकलाच नाही. मला फार संताप आला होता. मी जे पोटात ठेवते, ते हिने चव्हाट्यावर आणावं?

लव्हॉनने फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला; त्यामुळे डेल्बर्टचं बोलणं साऱ्या खोलीला ऐकू येत होतं.

"डेल्बर्ट, मत द्यायला ये. एक कमी पडतंय."

"तुझ्या हत्तीला होय?"

"अरे बाबा, केंद्राला!" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझं चुकलं. चारचौघांत तुझं नाव घ्यायला नको होतं."

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण बघू."

"चुकलं, चुकलं, चुकलं! आता बूट घाल आणि ये."

पावणेआठला तो आला. टोपी न काढता सरळ माझ्याकडे आला. मत टाकलं. तीस! मला तर ओरडावंसं वाटलं.

मग मोजणी झाली. हत्ती अठ्ठावीस, गाढव दोन.

"दुसरं कोणाचं गं?" आयरिन कुजबुजली. सगळ्यांच्या नजरा ओफेलियाकडे वळल्या. ती बिचारी हातातला रोल तसाच धरून बसली.

"डोळे आपापल्या ताटात ठेवा!" लव्हॉन कडाडली. "तीस मतं पडली. केंद्र चालू राहणार. बास!"

मित्रांनो, ती दोन मतं कुणाची, हे मला पक्कं ठाऊक आहे. लव्हॉन मागच्या वेळी बरोबर होती की चूक, तेही ठाऊक आहे. मोठे झालात की मत द्यायला स्वतः चालत या. जिंकणार असाल तरी या, हरणार असाल तर नक्कीच या. आणि शेजाऱ्याला त्याचं मत विचारू नका. मला तर मुळीच विचारू नका. कुऱ्हाड घातलीत तरी सांगायची नाही.